पूर्ण वर्गाचा प्रश्न आला की आधी घातांकांची ओळ लिहा

हे दोन प्रश्न बघा. ‘३००० ला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले असता पूर्ण वर्ग मिळेल?’ आणि ‘३००० मध्ये कोणती लहानात लहान संख्या मिळवली असता पूर्ण वर्ग मिळेल?’ पहिल्याचं उत्तर ३०, दुसऱ्याचं २५. पहिला मूळ अवयवांनी दोन ओळींत सुटतो, दुसऱ्यात अवयवांचा काडीचा उपयोग नाही. तरी मुलं दोन्हीकडे ३००० चे अवयव पाडत बसतात, कारण ‘पूर्ण वर्ग’ हे शब्द दिसले की हात आपोआप भागाकाराच्या शिडीकडे वळतो.

शाळेतली शिष्यवृत्ती परीक्षा असो, स्पर्धा परीक्षेतला अंकगणिताचा भाग असो की ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम, हत्यार एकच असतं. चूकही बहुधा एकाच जागी होते. अवयव बरोबर पडतात, पण त्यांचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नसतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

एक खूण आधी सांगून ठेवतो. टाइप करायला सोपं म्हणून २^३ असं लिहिलं आहे, म्हणजे २ चा तिसरा घात, ८. वहीत मात्र घातांक नेहमीसारखा वरच लिहा.

## तयारी : हे पाठ नसेल तर पुढे जाऊ नका

५० पर्यंतच्या १५ मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. यात १ नाही. १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. तिला मूळ मानलं तर ६ = २ × ३, ६ = १ × २ × ३, ६ = १ × १ × २ × ३ असे हवे तितके अवयव लिहिता येतील. आपली सगळी रीत तर ‘मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ यावरच उभी आहे.

३० पर्यंतचे वर्ग. २० पर्यंतचे बहुतेकांना येतात, २१ ते २९ मध्ये गाडी अडते. ४४१, ४८४, ५२९, ५७६, ६२५, ६७६, ७२९, ७८४, ८४१. यातला ७२९ दोनदा लक्षात ठेवा, तो २७ चा वर्ग आहे आणि ९ चा घनही.

मूळ असल्याचा आव आणणाऱ्या संख्या. सर्वांत जास्त गुण याच खातात. ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ८७ = ३ × २९, ९१ = ७ × १३, ११९ = ७ × १७, १३३ = ७ × १९, १४३ = ११ × १३, १६१ = ७ × २३, १८७ = ११ × १७, २०९ = ११ × १९, २२१ = १३ × १७, २४७ = १३ × १९, २९९ = १३ × २३, ३२३ = १७ × १९, ३९१ = १७ × २३. जोडीला १००१ = ७ × ११ × १३ हेही.

विभाज्यतेच्या कसोट्या २, ३, ४, ५, ९ आणि ११ च्या पुरेत. ७ आणि १३ च्या ज्या कसोट्या फिरत असतात त्या पाठ करण्यात मला अर्थ वाटत नाही. तेवढ्या वेळात सरळ भाग देऊन होतो आणि कसोटीतच घोळ होण्याची भीती राहत नाही.

## टप्पा १ : अवयव शेवटपर्यंत पाडा

लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा. तिने भाग जाईनासा होईपर्यंत तिलाच धरा, मग पुढची घ्या. १०५८४ ची मांडणी अशी होईल:

२ | १०५८४
२ | ५२९२
२ | २६४६
३ | १३२३
३ | ४४१
३ | १४७
७ | ४९
७ | ७
– | १

खाली १ आला म्हणजे काम संपलं. ४४१ ला ‘हा तर २१ चा वर्ग’ म्हणून तिथेच सोडायचा मोह होतो. सोडलं तरी चालतं, पण मग २१^२ म्हणजे ३^२ × ७^२ हे त्याच ओळीत लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतं.

कुठे थांबायचं? उरलेल्या संख्येचं वर्गमूळ साधारण किती ते बघा. तिथपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर उरलेली संख्या मूळच असते. उदाहरणार्थ २०२६ = २ × १०१३. आता १०१३ मूळ आहे का? ३२ चा वर्ग १०२४, म्हणजे ३१ पर्यंतच जायचं. २ आणि ५ नजरेनेच बाद. ३ : अंकांची बेरीज ५, नाही. ७ : १००८ पर्यंत जातो, बाकी ५. ११ : १०१२, बाकी १. १३ : १००१, बाकी १२. १७ : १००३, बाकी १०. १९ : १००७, बाकी ६. २३ : १०१२, बाकी १. २९ : ९८६, बाकी २७. ३१ : ९९२, बाकी २१. संपलं, १०१३ मूळ आहे. कच्च्या कामाला मिनिटभर लागतं, पण ‘दिसायला मूळ दिसते’ हे कारण कुठल्याच परीक्षकाला चालत नाही.

सावधान. संयुक्त संख्यांनी भाग देत सुटू नका. १०५८४ = ३६ × २९४ असं लिहून, ३६ वर्ग आहे, राहिला २९४, म्हणून २९४ ने गुणायचं, असं उत्तर बऱ्याच वह्यांत सापडतं. २९४ ने गुणल्यावर पूर्ण वर्ग मिळतो, खोटं नाही. पण लहानात लहान संख्या ६ आहे. २९४ मध्ये ७^२ दडून बसला होता, तो फोडलाच नाही.

ताळा. सगळे अवयव उलट गुणून दिलेली संख्या आली पाहिजे. ८ × २७ = २१६, २१६ × ४९ = १०५८४. आली.

## टप्पा २ : घातांकांची ओळ लिहा

हा टप्पा सगळे गाळतात. मी तो कुणालाच गाळू देत नाही.

१०५८४ = २^३ × ३^३ × ७^२

याच्या खाली एक ओळ: २ → ३, ३ → ३, ७ → २.

आता १०५८४ ही संख्या विसरा. यापुढचं जवळजवळ सगळं काम ३, ३, २ या तीन आकड्यांवर होणार आहे. पूर्ण वर्ग, पूर्ण घन, विभाजकांची संख्या, मसावि, लसावि, सगळी उत्तरं या ओळीतून निघतात. ओळ न लिहिता अवयवांच्या जोड्यांना गोल करत बसायची शाळेतली पद्धत लहान संख्येला ठीक आहे. प्रश्नात दोन अटी आल्या की ती तोकडी पडते.

## टप्पा ३ : प्रश्नातली अट घातांकांत सांगा

पेन्सिल घेऊन प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा. ‘गुणले’, ‘भागले’, ‘विभाज्य’, ‘विभाजक’ यांपैकी काही असेल तर घातांकांची ओळ कामाची. ‘मिळवली’, ‘वजा केली’ असेल तर ती बाजूला ठेवा, कारण बेरीज केली की जुने अवयव टिकत नाहीत.

गुणाकाराच्या बाजूच्या अटी घातांकांत अशा होतात:

- पूर्ण वर्ग : प्रत्येक घातांक सम.
- पूर्ण घन : प्रत्येक घातांक ३ च्या पटीत.
- अ ने ब ला निःशेष भाग जातो : अ मधला प्रत्येक घातांक ब मधल्या त्याच मूळ संख्येच्या घातांकाइतका किंवा त्याहून लहान.
- एकूण विभाजक : प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा.

पहिल्या दोन्ही अटींत एक गोष्ट लपलेली आहे. ओळीत न दिसणाऱ्या मूळ संख्येचा घातांक ० असतो आणि ० ही समसंख्या आहे, ३ च्या पटीतही आहे. म्हणून १ हा पूर्ण वर्ग आहे आणि पूर्ण घनही. विभाजक मोजताना १ ला विसरू नका.

## टप्पा ४ : उत्तर बांधा

गुणायचं किंवा भागायचं. सुरुवातीचा ३००० घेऊ. ३००० = २^३ × ३ × ५^३, ओळ ३, १, ३. तिन्ही विषम. प्रत्येकाला सम करायला एकेकाची भर हवी, म्हणून २ × ३ × ५ = ३० ने गुणा. ९०००० मिळाले, म्हणजे ३०० चा वर्ग. भागायचं असेल तर एकेक काढा, पुन्हा ३० च. मिळाले १००, १० चा वर्ग.

वर्गाच्या बाबतीत गुणायची आणि भागायची लहानात लहान संख्या नेहमी सारखीच येते, कारण विषमाचं सम व्हायला एक वर काय, एक खाली काय. घनाला हे लागू नाही. १०५८४ ची ओळ ३, ३, २. पूर्ण घन करायला ७ ने गुणा (७४०८८, म्हणजे ४२ चा घन). भागायचं असेल तर ७ चे दोन्ही अवयव काढावे लागतात, म्हणजे ४९ ने भागा (२१६, म्हणजे ६ चा घन). ‘वर्गाला सारखंच आलं होतं’ म्हणून घनाला ७ ने भागणारे पुष्कळ भेटतात.

आता ३००० चेच बेरीज-वजाबाकीचे प्रश्न. ५४ चा वर्ग २९१६, ५५ चा ३०२५. म्हणून २५ मिळवा किंवा ८४ वजा करा. इथे भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढायचं किंवा अंदाजाने दोन शेजारचे वर्ग शोधायचे. अवयवांचा संबंध नाही.

अनेक संख्यांनी विभाज्य असा लहानात लहान पूर्ण वर्ग. क्रम असा: आधी लसावि, मग लसाविची ओळ, मग विषम घातांकांना एकेकाची भर. २४, ३६ आणि ४५ चा लसावि ३६० = २^३ × ३^२ × ५. विषम घातांक २ आणि ५ चे, म्हणून १० ने गुणा. उत्तर ३६००.

आता १२, १८ आणि ५० घ्या. लसावि ९०० = २^२ × ३^२ × ५^२. ओळ २, २, २. सगळे आधीच सम! उत्तर ९००, दुसरं काही करायचंच नाही. ‘लसावि काढा आणि त्याचा वर्ग करा’ असं पाठ केलेला विद्यार्थी इथे ८१०००० लिहून येतो.

याच प्रश्नाला पुढे शेपूट लावतात: असा लहानात लहान चार अंकी पूर्ण वर्ग कोणता? ९०० तीन अंकी आहे, म्हणून दुप्पट करून १८०० लिहिणं ही ठरलेली चूक. १८०० ची ओळ ३, २, २ झाली, वर्गपण गेलं. पूर्ण वर्गाला पूर्ण वर्गानेच गुणलं तर पूर्ण वर्ग राहतो. ९०० × ४ = ३६००.

दोन अटी एकदम. ‘अशी लहानात लहान संख्या क शोधा, की २क पूर्ण वर्ग आणि ३क पूर्ण घन असेल.’ इथे क चे मूळ अवयव माहीत नाहीत, म्हणून घातांकांनाच अज्ञात माना: क = २^अ × ३^ब. इतर मूळ संख्या घेतल्या तर क उगाच मोठी होईल.

२क मध्ये घातांक अ + १ आणि ब. दोन्ही सम हवेत, म्हणजे अ विषम, ब सम.
३क मध्ये घातांक अ आणि ब + १. दोन्ही ३ च्या पटीत.

एकेका मूळ संख्येच्या अटी वेगळ्या काढा. अ विषम आणि ३ च्या पटीत, लहानात लहान ३. ब सम आणि ब + १ हा ३ च्या पटीत, लहानात लहान २. म्हणून क = ८ × ९ = ७२. ताळा: १४४ = १२^२, २१६ = ६^३.

पहिल्या अटीवरून क = २ ठरवून मग दुसरी अट त्यावर बसवायला जाणं हा इथला नेहमीचा घोळ. अट एकेक करून घेऊ नका, मूळ संख्या एकेक करून घ्या.

विभाजक मोजणे. १०५८४ चे एकूण विभाजक ४ × ४ × ३ = ४८. त्यातले पूर्ण वर्ग किती? प्रत्येक घातांक सम हवा. २ साठी ० किंवा २, ३ साठी ० किंवा २, ७ साठी ० किंवा २. म्हणून २ × २ × २ = ८. लिहूनच काढा: १, ४, ९, ३६, ४९, १९६, ४४१, १७६४. आठ.

याच मोजणीतून निघतं की पूर्ण वर्गाचे विभाजक नेहमी विषम संख्येत असतात, कारण सम घातांकात १ मिळवला की विषम, आणि विषमांचा गुणाकार विषम. उलटही खरं आहे. ‘कोणत्या संख्यांना विषम विभाजक आहेत’ असा प्रश्न म्हणजे वेष बदललेला पूर्ण वर्गाचाच प्रश्न.

क्रमगुणित आलं तर. १० चा क्रमगुणित, म्हणजे १ × २ × ३ × … × १०, गुणून ३६२८८०० काढायचा आणि मग अवयव पाडायचे, असं कृपा करून करू नका. २ चा घातांक हवा तर १० ला २ ने भागत जा आणि भागाकार मिळवा: ५ + २ + १ = ८. ३ चा: ३ + १ = ४. ५ चा: २. ७ चा: १. ओळ ८, ४, २, १. एकटा ७ विषम आहे, म्हणून पूर्ण वर्ग करायला ७ ने गुणा. पूर्ण वर्ग असलेले विभाजक ५ × ३ × २ × १ = ३०.

सावधान. बाकी फेकून द्यायची, पूर्णांक भागाकारच घ्यायचा. १० ÷ ४ चे अडीच नाहीत, २.

## टप्पा ५ : दोन संख्यांचा गुणाकार वर्ग असेल तर

इथून पुढे प्रश्न ‘शोधा’चे कमी आणि ‘सिद्ध करा’चे जास्त. वाक्य एकच आहे: दोन सहमूळ (म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या) संख्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग असेल, तर त्या दोन्ही स्वतंत्रपणे पूर्ण वर्ग असतात. कारण सरळ आहे. गुणाकारात प्रत्येक मूळ संख्येचा घातांक सम आहे आणि ती मूळ संख्या दोघींपैकी एकीतच आहे, त्यामुळे तो सगळा सम घातांक तिच्याच वाट्याला जातो.

‘सहमूळ’ हा शब्द गाळला की वाक्य खोटं पडतं. ८ × १८ = १४४, पण ८ ही वर्ग नाही आणि १८ ही नाही. दोघींत २ सामाईक आहे. अशा वेळी ८ = २ × २^२, १८ = २ × ३^२ असं लिहा. गुणाकार वर्ग असेल तर ज्यांचे घातांक विषम आहेत त्या मूळ संख्या दोन्हीकडे अगदी त्याच असतात, बाकीचा भाग वर्ग असतो.

वापर: दोन क्रमागत नैसर्गिक संख्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग असू शकेल का? क आणि क + १ सहमूळ असतात (दोघांना भाग जाणाऱ्या संख्येने त्यांच्या फरकालाही, म्हणजे १ लाही, भाग गेला पाहिजे). मग दोन्ही वर्ग असायला हवेत. पण १ पासून पुढचे वर्ग ४, ९, १६ असे दूर दूर जातात, दोन वर्ग कधी शेजारी नसतात. म्हणून नाही.

परीक्षेत लिहिताना सहमूळ असल्याचं कारण लिहाच. त्याशिवायची सिद्धता अर्धी धरतात, आणि ते बरोबरच आहे.

## टप्पा ६ : बेरजेचं गुणाकारात रूपांतर

बेरजेला घातांकांची ओळ चालत नाही असं वर म्हटलं. पण वर्गांची वजाबाकी गुणाकारात बदलता येते आणि मग सगळं हत्यार पुन्हा कामाला येतं. आयओक्यूएमच्या तयारीत या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा.

प्रश्न: क^२ + ८४ पूर्ण वर्ग होईल अशा सर्व नैसर्गिक संख्या क शोधा.

६.१ क^२ + ८४ = म^२ माना. मग (म − क)(म + क) = ८४.

६.२ ८४ = २^२ × ३ × ७. जोड्या लिहा, एकही न सोडता: १ × ८४, २ × ४२, ३ × २८, ४ × २१, ६ × १४, ७ × १२. विभाजक ३ × २ × २ = १२ आहेत, म्हणजे जोड्या सहा हव्यात. सहाच आहेत. हा ताळा इथेच करायचा, नंतर नाही.

६.३ म − क आणि म + क यांच्यात २क चा फरक आहे, म्हणून दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. ८४ सम असल्याने दोन्ही समच हव्यात. उरल्या २ × ४२ आणि ६ × १४.

६.४ क म्हणजे फरकाचा निम्मा: (४२ − २) ÷ २ = २०, (१४ − ६) ÷ २ = ४.

६.५ ताळा: ४०० + ८४ = ४८४ = २२^२. १६ + ८४ = १०० = १०^२.

६.३ गाळला तर १ × ८४ वरून क = ४१.५ असं काहीतरी येतं, आणि मग आधीचं कुठे चुकलं ते शोधण्यात वेळ जातो. चुकलेलं काही नसतं, जोडीच बाद होती.

मधलं पद असेल तर आधी पूर्ण वर्ग करून घ्या. क^२ + १०क + १३० म्हणजे (क + ५)^२ + १०५. आता क + ५ लाच एक संख्या धरा. १०५ = ३ × ५ × ७, जोड्या १ × १०५, ३ × ३५, ५ × २१, ७ × १५, सगळ्या विषम, एकही बाद नाही. फरकाचे निम्मे ५२, १६, ८, ४. हे क + ५ आहेत, क नव्हेत! प्रत्येकातून ५ वजा करा: ४७, ११, ३ आणि −१. नैसर्गिक संख्या मागितल्या आहेत, म्हणून −१ जाईल. ३ ने ताळा: ९ + ३० + १३० = १६९.

मधल्या पदाचा सहगुणक विषम असेल तर अपूर्णांकांत शिरू नका, आख्ख्या समीकरणाला ४ ने गुणा. क^२ + क + १९ = म^२ याचं (२क + १)^२ + ७५ = (२म)^२ होतं. ७५ च्या जोड्या १ × ७५, ३ × २५, ५ × १५. फरकाचे निम्मे ३७, ११, ५, हे २क + १ आहेत. क = १८, ५, २. तिन्ही बसतात.

२ चा घात आला तर जोड्या लिहायचीही गरज नाही. २^क + २२५ = म^२ यात (म − १५)(म + १५) = २^क. डावीकडच्या दोन्ही संख्या २ चेच घात असणार, कारण उजवीकडे दुसरी मूळ संख्याच नाही. त्यांचा फरक ३०. २ चे दोन घात, फरक ३०: लहान घात सामाईक काढला की आत विषम संख्या उरते, आणि ३० = २ × १५. म्हणून लहान घात २, आत १६ − १. संख्या २ आणि ३२, गुणाकार ६४ = २^६. क = ६, दुसरं उत्तर नाही. ताळा: ६४ + २२५ = २८९ = १७^२.

## टप्पा ७ : नाकारायच्या कसोट्या

‘ही संख्या पूर्ण वर्ग नाही हे दाखवा’ असं विचारलं की अवयव पाडण्याआधी या बघा.

- एकक स्थानी २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्ग नाही.
- शेवटी विषम संख्येने शून्ये असतील तर वर्ग नाही.
- ४ ने भागून बाकी २ किंवा ३ उरली तर वर्ग नाही.
- ३ ने भागून बाकी २ उरली तर वर्ग नाही.
- एखाद्या मूळ संख्येने भाग जातो, पण तिच्या वर्गाने जात नाही, तर वर्ग नाही.

शेवटची सर्वांत कामाची आणि सर्वांत दुर्लक्षित. अंकांची बेरीज १५ असलेली संख्या कितीही मोठी असो, तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ती वर्ग नाही, संपलं. तसंच ११, १११, ११११ यांसारख्या संख्यांना ४ ने भागलं तर बाकी नेहमी ३, कारण शेवटचे दोन अंक ११. त्यातली एकही पूर्ण वर्ग नाही.

सावधान. या कसोट्या फक्त नाकारतात, मंजुरी देत नाहीत. १३६ चा एकक अंक ६, ४ ने बाकी ०, ३ ने बाकी १. पहिल्या चारही पार केल्या, तरी तो वर्ग नाही: १३६ = २^३ × १७. ‘कसोटीत बसते म्हणून वर्ग आहे’ असं कधीही लिहू नका. वर्ग आहे हे सांगायचं असेल तर वर्गमूळ किंवा घातांकांची ओळ दाखवा.

## सराव

उत्तर झाकून सोडवा, आणि प्रत्येक वेळी ओळ लिहा.

१. ९०७५ ला कोणत्या लहानात लहान संख्येने भागले असता पूर्ण वर्ग मिळेल? आणि ९०७५ मधून कोणती लहानात लहान संख्या वजा केली असता? उत्तर: ३ आणि ५०. (९०७५ = ३ × ५^२ × ११^२, आणि ९५^२ = ९०२५.)

२. १२ च्या क्रमगुणिताला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणले असता पूर्ण वर्ग मिळेल? उत्तर: २३१. ओळ १०, ५, २, १, १ आली नसेल तर ३ चा घातांक पुन्हा मोजा, ९ मधला जादा ३ सुटला असेल.

३. १ ते १००० मध्ये किती संख्यांचे विभाजक विषम संख्येत आहेत? त्यांपैकी किती संख्यांना नेमके तीनच विभाजक आहेत? उत्तर: ३१ आणि ११. नेमके तीन म्हणजे मूळ संख्येचे वर्ग, आणि ३१ पर्यंत ११ मूळ संख्या आहेत.

४. लहानात लहान क शोधा, की क ÷ २ पूर्ण वर्ग, क ÷ ३ पूर्ण घन आणि क ÷ ५ पूर्ण पाचवा घात असेल. उत्तर: २^१५ × ३^१० × ५^६. हे गुणून काढू नका, असंच ठेवा.

५. क^२ + ६० पूर्ण वर्ग होईल अशा नैसर्गिक संख्या कोणत्या? उत्तर: २ आणि १४.

६. २^क + ८१ पूर्ण वर्ग होईल असा नैसर्गिक क आहे का? उत्तर: एकही नाही. फरक १८ = २ × ९, आणि ९ मध्ये १ मिळवल्यावर २ चा घात मिळत नाही.